नाकाशी धरलेला स्क्रू

डोळ्यांत थेंब घातलेल्या निवृत्त शिक्षिका दवाखान्यात डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर घड्याळं दुरुस्त करणारे बापलेक बोलत होते. लेकीच्या हातात चष्म्याचा नंबर घालवणाऱ्या लेझरचा संमतीचा कागद होता.

“बाबा, दोन्ही डोळे अर्ध्या तासात. उद्या उठले की भिंतीवरचं कॅलेंडर दिसणार.”

“आणि डोळे कोरडे पडले तर?”

“थेंब घालायचे. बहुतेकांचं काही महिन्यांत थांबतं.”

“बहुतेकांचं. सगळ्यांचं नाही.”

“पोहताना मला काठावरची आपलीच पोर ओळखू येत नाही. परवा दुसऱ्याच मुलीला हात करत होते.”

“हे बोलली नाहीस कधी.”

“काय बोलायचं त्यात?”

“बरं, बारीक स्क्रू बसवताना तू काय करतेस?”

“चष्मा काढते आणि घड्याळ नाकाशी धरते.”

“तसं दिसतं ते तुझ्या उणे सहा नंबरामुळे. नंबर गेला की तेही गेलं.”

“म्हणजे गिऱ्हाइकं माझ्या तेज नजरेचं कौतुक करतात, ते या नंबराचं?”

“मग कुणाचं? चाळीस वर्षं भिंग लावतोय मी, तुझा हेवाच वाटतो.”

“मग नको करू?”

“असं कुठं म्हटलं मी?”

“तोंडावर लिहिलंय तुमच्या. एवढं चष्म्यातूनही दिसतं.”

दार उघडलं. “लेझरच्या ताई, सही झाली का?” परिचारिकेनं विचारलं.

शिक्षिकाबाईंनी न राहवून डोळे उघडले, पण समोर नुसता धूसर उजेड होता.

“पेन द्या तिला,” बाप म्हणाला. “आठवडाभर आराम कर, मग माझ्या शेजारी बस. भिंग लावायला मी शिकवतो.”