इंगोले एस. के. पुढे कुठे गेले?

जमलेल्या सगळ्यांनो, आणि समोर बसलेल्या खिल्लारे काका, काय बोलू? वर्गात तोंड चालतं. इथं चालत नाही. मॅडम गेल्या, हेच अजून खरं वाटत नाही.

मी राठोड, सेनगावकडच्या तांड्यावरचा. मॅडमच्या हाताखाली पीएच.डी. केली. विषय, ज्वारीवरचा काणी रोग. लेख कसे शोधायचे, तेही मला येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "एक चांगला लेख धर. त्याच्या शेवटचे संदर्भ बघ, मागं जा. मग त्या लेखाचा आधार नंतर कुणी घेतला ते बघ, पुढं जा. अन् माणूस पटला, तर त्याच्या नावानं शोध."

तसंच केलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात, कॉम्प्युटरवर. कुठलाही लेख उघडा, संदर्भांत एक नाव हमखास. इंगोले एस. के. दिल्लीवाले त्यांचा आधार घेतात, परदेशातले घेतात. नावानं शोधलं, तर नव्वदीच्या सुरुवातीला लेख एकदम बंद!

तडक औंढ्याला, मॅडमच्या घरी गेलो. "मॅडम, काणीवरचं खरं काम या इंगोले सरांनी करून ठेवलंय. पण पुढं काहीच न्हाई. वारले का वो?"

मॅडम चहा गाळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "न्हाई रे. लगीन झालं त्यांचं."

मला कळायलाच वेळ लागला. एस. के. म्हणजे शकुंतला कोंडबा, आपल्या मॅडमच. काकांशी लग्न झालं, वडिलांचं नाव गेलं, आडनाव गेलं. पुढचे लेख आले ते खिल्लारे एस. बी. यांचे. या दोघी एकच, हे कॉम्प्युटरला काय माहीत? अहो, मला माहीत नव्हतं!

"काहून सांगितलं न्हाई, मॅडम?"

"कुणी इचारलंच न्हाई."

काका, तुम्हाला बोल लावत नाही. सगळ्या बदलतात म्हणून त्यांनीही नाव बदललं. पण बढतीच्या मुलाखतीत लोक त्यांनाच विचारायचे, बाई, तुमचं सुरुवातीचं काम कुठंय? याचा मला राग येतो. आजही येतो.

आमच्या दोघांचा एक लेख आता छापून यायचाय. दवाखान्यात विचारलं, तुमचं नाव कसं देऊ? म्हणाल्या, "अख्खं लिही. लांब झालं तर होऊ दे."

काल संपादकांचा फोन आला. लेखक हयात नसेल तर नावाशी तसं लिहावं लागतं म्हणे. अख्खं नाव पहिल्यांदा छापलं जाणार, अन् त्याच्या आधी मी 'दिवंगत' लिहायचं. माझ्यानं होत नाही हो.

चला, उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. फक्त मनात ते नाव घ्या, अख्खं घ्या. शकुंतला कोंडबा इंगोले-खिल्लारे.

जय भीम, मॅडम.