आठ किलोची दिव्यानी

...नाई, रडाले नका सांगू मॅडम. बाकी काई विचारा, तुमच्या पुस्तकासाठी सारं सांगतो. सकाळी तुमचा तो दाढीवाला फोटोवाला आला होता. दिव्यानीच्या केसाले तेल लावून चांगला भांग पाडला होता मी, तं त्यानं हातानं विस्कटून टाकला. असीच राहू द्या म्हणे, नॅचरल दिसते. नॅचरल! टाळू फाटकी पोरीची, पाजलेलं दूध नाकातून येते—अजून किती नॅचरल पाहिजे?

गाव? नदीपल्याड. पावसाळ्यात चार महिने बेटच समजा, पूर उतरला की डोंग्यानं यायचं. तुमच्या बॅनरवर लिहिलंच हाय ना, दुर्गम भागातील बांधवांसाठी—आमाले नाई वाटत बापा दुर्गम. आमाले सारं जवळच हाय—जंगल, मोह, तेंदू, सासू. तुमालेच दूर पडते. पण माहेर माझं नागभीडचं, सातवी शिकली मी, म्हणून हा फॉर्म मीच भरला, नवऱ्याचं नाव—हेमराज—तेबी मीच लिहिलं, तो खाली सहीपुरता.

मागच्या साली बी आली होती इथीच, याच शिबिरात. तं डॉक्टर साहेब काट्याकडे पाहून म्हणे, आई, आठ किलोची झाली का ऑपरेशनले आणा. भोपळा हाय का ती? वाटी-चमच्यानं पाजतो मी—थेंब थेंब—अर्धं तिच्या पोटात, अर्धं माझ्या पदरावर. पदराचं वजन करा म्हणावं, तो वाढला हाय वर्षभरात. सासूबाई म्हणते, तुया पोटातच खोट. अन् डॉक्टर वर्षातून चार दिवस येतेत, हार घालून घेतेत, उद्या सकाळी गाड्या भरून परत. आज नाई झालं तं पुढच्या साली.

मंग यंदा आठ किलो कशी भरली? भरली. बस. ...हसून नाई राह्यली मी. बरं, सांगतो, पण पुस्तकात नका टाकू. नदीतले चार गोटे आणले, बाबूभाईच्या दुकानात काट्यावर ठेवून पाहिले—पाव-पाव किलोचे—अन् दुपट्याच्या चार कोपऱ्यांत शिवून टाकले. नर्सबाई म्हणे, दुपटं काढा. तसा दिव्यानीनं भोंगा लावला—चिमटा मीच काढला होता—तं म्हणे राहू द्या, थंडी हाय, दुपट्याचे शंभर ग्राम कापून लिहितो. लई हुशार! ते शंभर मी आधीच धरले होते.

काऊन, डोळे काऊन मोठे केले? कोणाचं काय गेलं एका किलोनं? डॉक्टर तोच, चाकू तोच. गोटे तं उसवून भिंतीमागं फेकले बी. ही पाहा पट्टी बांधली तिच्या मनगटाले—दिव्यानी, मुलगी, आठ किलो—नवरीवानी मिरवून राह्यली—

काय म्हणलं?

...भुलीची दवा? याच आकड्यावर मोजतेत?

थांबा. पुन्हा सांगा. म्हंजे आठ किलोच्या पोरीची भूल या सात किलोच्या पोरीले... नाई, तुमाले काय समजते, तुमी काय डॉक्टर हाय? तुमी गोष्टी गोळा करता. जास्ती गेली तं काय होते—जरा जास्ती झोपत असल, मंग उठत असल. उठते ना? मॅडम, उठते ना? ...असं खाली नका पाहू.

सांगितलं तं आताच परत धाडतील. अजून एक साल वाटी-चमचा. अजून एक साल नाकातून दूध. सासूबाईले काय सांगू—सांगा ना, तुमी तं लई शिकल्या. आईनंच गोटे शिवले म्हणून नंबर गेला, असं सांगू? अन् हेमराज, तो तं बाहेर उन्हात बसून हाय, झाली का, झाली का करत...

बावीस नंबर पुकारला. आमचाच बावीस. हात नका लावू तिले, मीच नेतो.

ओ नर्सबाई! ओ बाई, थांबा—ते सुई भरून नका ठेवू! खोटं हाय ते पट्टीवरचं, मी लिहवलं, सात किलोची हाय ही, सातच—काटा आणा, उघडी ठेवतो हिले त्याच्यावर—रागावा मंग मले, काय रागवाचं ते—

सरका मॅडम. वाट द्या.