एका ओळीनं पान बिघडलं असतं

आधी तो बॉलपेन खिशात घाला बगा. राग मानू नका, पण माझीच जिंदगी माझ्यासमोर बसून तुम्ही त्या बॉलपेननं लिहून राहिलात, हे मला बघवत न्हाई. हा घ्या, हा शाईचा धरा. दाबू नका, नुसता कागदावर ठेवा, तो आपला आपण चालतो. हां. आता इचारा. गावापासून सांगू? बरं.

आमचं मूळ गाव कंधार तालुक्यातलं. वडलाचं किराणा दुकान, गळ्यात लिंग, सोमवारी उपास, आमच्या लोकात सगळेच अप्पा, तसा मी मन्मथअप्पा, पुढं मास्तर झालो तवा मन्मथ गुरुजी. दुकानात बसायचं मला नको वाटायचं, म्हणून सुट्टी लागली की मी मामाकडं धर्माबादला पळायचो. मामा आडतीवर मिरचीच्या पोत्यावर नावं घालायचा. आता पोत्यावरच्या नावाला कोण बगतंय सांगा, पोतं गाडीत जातं, उतरतं, फाटतं, पण माझा मामा बोरू असा तिरका छाटायचा आन असं अक्षर काढायचा की हमाल बी पोतं उचलायच्या आधी घडीभर थांबायचा. उभी रेघ जाड, वळण आलं की तीच रेघ बारीक, आन जोर म्हणून लावायचा न्हाई, सगळी करामत त्या छाटलेल्या टोकाची. मला म्हणायचा, मनगट फिरवू नको, कोन सोडला की अक्षर गेलं. मिरचीच्या ठसक्यानं डोळ्याला पाणी, नाकाला पाणी, आन मी आपला रद्दीवर गिरवत बसलोय.

सातवी पास झालो तवा वडलानं नांदेडला नेऊन शाईचा पेन घेऊन दिला, हिरवा, सोनेरी टोपणाचा. घरी आल्या आल्या मी काय केलं, तर पक्कडीनं निबचं टोक तोडलं. वडलानं असं हाणलं, असं हाणलं, काय सांगू तुम्हाला. त्यांचं बी बरोबर होतं म्हणा, नवाकोरा पेन पोरानं मोडला. पण त्यांना कोण सांगावं की मला गोल टोक नको होतं, बोरूसारखं चपटं पायजे होतं. मग चार दिवस मागच्या दाराच्या फरशीवर पाणी टाकून ते टोक घासलं, लिहून बगायचं, पुन्हा घासायचं, आन पाचव्या दिवशी त्या पेनातून मामाचं अक्षर उतरलं. कट निब म्हणतात त्याला. आजपर्यंत मी माझे सगळे निब स्वतःच घासलेत, अठरा पेन हायत माझ्याकडं, आन घरचे म्हणतात ह्याचं डोकं सुद्धा तिथंच घासून गेलं.

आता शाई कुठं मिळती का बगा लातुरात. दुकानात गेलं की तो म्हणतो, गुरुजी, शाई आता कोण घेतंय, जेलपेन न्या की. आवं, मी तुला दूध मागितलं आन तू मला सरबत देऊन राहिलास. शाई मिळाली तर कागद न्हाई. आताच्या वहीवर एक टिंब द्या, पापडावर तेल पसरावं तसं पसरतं. पोराच्या लग्नाची पत्रिका छापायची म्हणलं, मी म्हणलं पाकिटावरची नावं मी घालतो, तर पोरगा म्हणतो, बाबा, पाकीटच न्हाई, मोबाईलवर पाठवलं सगळ्यांना. बेजार हाय बगा मी ह्या लोकांना.

पण तुम्ही आलात ते रजिस्टरचं ऐकायला, मला माहीत हाय. सांगतो.

मला नोकरी लागली रेणापूर तालुक्यात, एका खेड्यातल्या शाळेत. तिथं दाखल-खारीजचं रजिस्टर होतं, म्हणजे पोरगं शाळेत आलं की दाखल, गेलं की खारीज, त्याचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, सगळं त्यात. शाळा सुरू झाल्यापासूनचं. चार हेडमास्तरांच्या हातचं, आन त्यातल्या सगळ्यात जुन्या हेडमास्तरांचं अक्षर, देव त्यांचं भलं करो, वारले ते, पण कोंबडीनं पाय ओढल्यागत. टाकानं लिहायचे, त्यात इकडं डाग, तिकडं खाडाखोड, आन पानाच्या एकाच अंगाला लिहायचे. वरून छत गळून कडा भिजलेल्या, खालून वाळवी लागलेली. मग नवीन हेडमास्तर आले, ते म्हणले, मन्मथअप्पा, तुमचं अक्षर मोत्याचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत एवढं नवीन वहीत उतरून काढा, साहेब तपासणीला यायलेत.

अख्खी सुट्टी गेली. लोकं लग्नं करून राहिले, आंबे खाऊन राहिले, आन मी शाळेतल्या त्या एका खोलीत घाम पुसत लिहून राहिलो, कामून की घामाचा थेंब पडला तर पान गेलं. एक खाडाखोड न्हाई. चुकलं की अख्खं पान फाडून पुन्हा. झाल्यावर हेडमास्तर म्हणले, पहिल्या पानावर लाल शाईनं एक ओळ टाका, मूळ रजिस्टरवरून नक्कल केली, आन खाली तुमची दस्तखत, माझी दस्तखत. मी हाव म्हणलं. पेन हातात घेतला. आन ते पान बगितलं. काळ्या शाईचं, सरळ समासाचं, डोळ्याचं पारणं फिटावं असं पान, आन त्यावर मी लाल ओळ टाकू? तुम्हीच सांगा. मनात म्हणलं, टाकू उद्या. हेडमास्तर विसरले, मी विसरलो न्हाई, मी टाकली न्हाई. त्या एका ओळीनं पान बिघडलं असतं.

तपासणीला साहेब आले तर रजिस्टर हातातून खाली ठेवंनात. आजूबाजूच्या शाळेतले मास्तर बगायला यायचे. मी शेतातून जाताना लोकं म्हणायची, ते बगा रजिस्टरवाले गुरुजी. लई बरं वाटायचं, कामून खोटं बोलू.

मग गेल्या साली एक दिवस माझा जुना विद्यार्थी आला, गौतम. लातूरला गॅरेजवर मेकॅनिक हाय, बौद्ध समाजातला, वर्गात हुशार होता पण अक्षर भयंकर. संगं त्याची लेक, प्रज्ञा. लेकराला नांदेडला नर्सिंगला नंबर लागलेला, पण जातीचा कागद तपासून मिळाल्याशिवाय जागा पक्की न्हाई, आन तपासायला आज्याची नोंद लागती. आजा आमच्याच शाळेत शिकलेला, माझ्या कितीतरी आधी. मी म्हणलं, मग अडलंय कुठं, नोंद हाय की रजिस्टरात, मीच लिहिलीय. गौतम खाली बगून म्हणला, गुरुजी, तेच अडलंय, जातपडताळणीच्या ऑफिसातले म्हणतात रजिस्टर बनावट हाय, आन पंधरा दिवसांत कागद न्हाई दिला तर जागा दुसऱ्याला जाती.

गेलो मी लातूरला त्या ऑफिसात. साहेब तरुण, समोर माझं रजिस्टर उघडं. म्हणले, गुरुजी, इतक्या वर्षांच्या नोंदी, एवढे हेडमास्तर बदलले, आन अक्षर एकच, शाई एकच, एक खाडाखोड न्हाई, असं रजिस्टर मी माझ्या नोकरीत बगितलं न्हाई. मला वाटलं तारीफ करून राहिले. मी हात जोडून म्हणलं, आभारी हाय साहेब. साहेब माझ्याकडं बगतच राहिले. म्हणले, म्हणूनच ते खोटं हाय, एका बैठकीत कोणीतरी लिहून काढलंय, मूळ कुठं हाय? गौतम भिंतीला टेकून उभा, पोरगी बाकावर फाईल छातीशी धरून, आन मला कानशिलात मारल्यागत झालं. मी म्हणलं, एवढी साधी गोष्ट हाय, आवं, मी उतरून काढलं, मी मन्मथअप्पा. साहेब म्हणले, तसं लिहिलंय का कुठं पहिल्या पानावर? तीच तर ती लाल ओळ, मी न टाकलेली.

बाहेर आल्यावर गौतम म्हणला, गुरुजी, मूळ रजिस्टर रद्दीत गेलं असंल आता. रद्दीत गेलं नव्हतं. कुठं गेलं ते ऐका. हेडमास्तरांनी रद्दीतच टाका म्हणलेलं, पण त्या काळचा कागद, जाड, गुळगुळीत, शाई कशी टाका पसरत न्हाई, आन मागचं अंग कोरं. शिवण उसवली आन पानं घरी आणली, सरावाला. शाळेचं सरकारी रजिस्टर, आन मी ते घरी आणून त्याच्या पाठीवर गिरवत बसलो. किती तरी पानं संपवली, किती तरी घरच्या लोकांनी चुलीत घातली, थोडी पेटीत उरली होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. गंगा तिचं नाव, माझ्या पेनांवर चाळीस वर्षं दात खाऊन हाय. ती म्हणली, ती पानं तुम्ही ऑफिसात नेली तर इचारतील का न्हाई, शाळेची चीज तुमच्या घरी कशी आली? पेन्शन थांबली तर शाई पिऊन राहता का? मी म्हणलं, न्हाई नेली तर त्या लेकराचं काय? तवा ती उठली आन पेटीवरची गाठोडी खाली काढाय लागली. म्हणली, चष्मा घाला, मला ते कोंबडीचं अक्षर वाचता येत न्हाई.

दोन दिवस आम्ही दोघं पानं उलटून राहिलो. बहात्तर पानं निघाली. दुसऱ्या दिवशी जेवायच्या वक्ताला गंगानंच एक पान पुढं केलं, बगा हे. डाग पडलेलं, कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण मधोमध गौतमच्या बापाचं नाव, जात, गाव, तारीख, खाली जुन्या हेडमास्तरांची ती वाकडीतिकडी दस्तखत. मी त्या माणसाच्या अक्षराला जिंदगीभर हसलो. तवा मात्र डोक्याला लावलं ते पान, खरंच.

साहेबांनी भिंग लावून बगितलं, उजेडाला धरलं, मान हलवली. मग पान उलटं केलं. मागं सबंध पानभर अ, अ, अ, अ, कट निबनं, तरुणपणीचे माझे. साहेब म्हणले, हे काय हाय? मी म्हणलं, साहेब, हे माझं पाप हाय. सगळं सांगितलं, लाल ओळीपासून. ते हसले पण न्हाईत आन रागावले पण न्हाईत. म्हणले, लिहून द्या. मी खिशातून पेन काढला, तर म्हणले, शाईचा नको, पसरतं, मशीनला दिसत न्हाई. टेबलाला सुतळीनं बांधलेला बॉलपेन दिला. त्यानं मी लिहिलं की सदर रजिस्टर मूळ न्हाई, मी माझ्या हातानं केलेली नक्कल हाय, आन तशी नोंद न करण्याची चूक माझी. अंगठ्याला वळ पडला दाबून दाबून.

पोरीचं काम झालं, मुदतीच्या चार दिवस आधी. पेन्शनीचं म्हणाल तर नोटीस आली, मी उत्तर दिलं, पुढं अजून काही आलं न्हाई, येईल तवा बगू. पण ऐका, माझ्या रजिस्टरच्या पानापानावर शिक्का पडला, पुराव्यास ग्राह्य न्हाई. घाम पुसून पुसून लिहिलेलं, एक खाडाखोड नसलेलं. आन त्या जुन्या पानाची नक्कल काढताना त्यांनी दोन्ही अंगं काढली आन दोन्हीवर शिक्का मारला, मुळाबरहुकूम खरी प्रत. म्हणजे ते माझे सरावाचे अ सरकारदरबारी खरे ठरले. त्यात तिसऱ्या ओळीतला एक अ इतका वाईट हाय, पोट सुटलेलं, शेपूट वाकलेलं, आन आता तोच कायमचा फाईलीत राहणार. म्हणलं, साहेब, तेवढी मागची बाजू सोडता येती का? तर म्हणले, गुरुजी, घरी जावा.

आता प्रज्ञा नांदेडला हाय, दुसरं वर्ष. दिवाळीत पाया पडायला आली होती. मी हौसेनं तिची वही मागितली, उघडली, आन मिटली. बापावर गेलीय, काय करता. हातात एक पेन देऊ केला, तर म्हणली, गुरुजी, वॉर्डात शाई सांडंल. ते बी खरंच हाय. मग मी म्हणलं, माय, कसं का लिहीनास, जाडबारीक कर न कर, पण कोणत्या पेशंटाला काय दिलं, किती वाजता दिलं, ते ज्या वक्ताला दिलं त्याच वक्ताला लिही, चुकलं तर सगळ्यांना दिसंल अशी काट मार आन बाजूला सही कर, पान घाण झालं तर होऊ दे. हाव म्हणली. गुणाचं लेकरू हाय, सुखी राहो.