अलमेलूचा फणस

उमैयाळ : ‘पोट फुगले’ असं लिहिलंय ना त्या जुन्या फायलीत? मग तेवढंच उतरव की फॉर्मात. सकाळपासून काय कोरत बसलीस, सूनबाई?

तेन्मोळी : कारण लिहावं लागतं, अत्तै. उद्या धाकट्या अत्तैंचं पित्ताशयाचं ऑपरेशन. भूल देणारे विचारणार, पूर्वी काय झालं होतं म्हणून. त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, “अक्कांना विचार.”

उमैयाळ : माझी धाकटी जाऊ अलमेलू बत्तीस वर्षांत एकदा तरी स्वतःच्या तोंडानं बोलली असेल तर शपथ. लिही, फणस. सगळ्या कारैकुडीला ठाऊक आहे. मदुराईच्या बसस्टँडवर हावरटासारखा फणस खाल्ला नि पोटाचा नगारा झाला. अजून लग्नात पंगतीला बसली की तिच्या पानाकडे बघून बायका हसतात.

तेन्मोळी : फणसानं पोटात पाणी भरत नाही. इथं लिहिलंय, सुई घालून दोन लिटर पाणी काढलं. लघवी बंद, धाप. आणि हे कार्ड त्याच फायलीत होतं. रोज एक, अशी अकरा इंजेक्शनं.

उमैयाळ : बघू… जपून ठेवलं होय तिनं. वेडी.

तेन्मोळी : मूल राहावं म्हणून देतात ती. एखादीला फार लागू पडतात, अंडाशयं फुगतात, पोटात पाणी होतं.

उमैयाळ : तू कधीपासून डॉक्टरीण झालीस गं? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आकडे तर टाकतेस.

तेन्मोळी : त्या आकड्यांचंच तर काम आहे. आठ वर्षं अमेरिकेतल्या बायाबापड्यांच्या फायली वाचतेय. प्रत्येक दुखण्याला एक नंबर असतो, विम्यासाठी तो शोधून लावायचा. याचाही आहे. एन अठ्ठ्याण्णव पॉइंट एक.

उमैयाळ : नंबरसुद्धा आहे?

तेन्मोळी : मंगळवारीच एक फाईल आली होती, हुबेहूब अशी. मूल होण्याच्या औषधांनी झालेलं, असा त्या नंबराचा अर्थ.

उमैयाळ : म्हणजे तिकडच्या बायकांनाही होतं. मग लाव नंबर आणि मिटव.

तेन्मोळी : तसा लावता येत नाही. इंजेक्शनं एका कागदावर, पोट दुसऱ्यावर. यामुळे ते झालं, असं डॉक्टरनं कुठं लिहिलेलं नाही. डोळ्यांना ढळढळीत दिसलं तरी आपल्या मनानं जोडायचं नाही, डॉक्टरला विचारायचं. मंगळवारी मी विचारलं, दुपारी एका ओळीत उत्तर आलं.

उमैयाळ : आमचा डॉक्टर तर जाऊन वीस वर्षं झाली. आता कुणाला विचारशील?

तेन्मोळी : तुम्हाला. सोबत तुम्हीच होतात.

उमैयाळ : मी तिसरी नापास. माझ्या सांगण्याला कोण विचारतंय?

तेन्मोळी : फॉर्मात चालतं. पण विचारताना उत्तर तोंडात घालायचं नाही, असा आमचा नियम आहे. म्हणून सरळ विचारते. तेव्हा धाकट्या अत्तैंचं पोट कशानं फुगलं?

(उमैयाळ अडकित्त्यातली सुपारी न कातरताच खाली ठेवते.)

उमैयाळ : घरी सांगितलं होतं, मदुराईच्या मीनाक्षीदेवीला अकरा दिवसांचा नवस आहे. सासू ‘जा’ म्हणाली. तीन पोरं घरी टाकून मी हिला घेऊन निघाले. नको नको म्हणत होती. मीच तिचे कान भरले. लॉजच्या दुसऱ्या माळ्यावर खोली होती. सकाळी सुई टोचून यायची, मग दिवसभर कुणी हाक मारणारं नाही. बत्ती विझवायला नाही, चूल पेटवायला नाही. थंडगार दुधाचा जिगरठंडा प्यायचा, गच्चीवर केस वाळवायचे. हिला सगळ्यांच्या चालीची नक्कल करता यायची गं. सासूची केली, तर हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी. ती हसते कशी, ते मी तिथंच पहिल्यांदा ऐकलं. पुन्हा नाही ऐकलं.

तेन्मोळी : मग घरी आल्यावर?

उमैयाळ : आठवड्यात लुगडं नेसता येईना. सासू दारात उभी. काय झालं हिला? सुयांचं सांगितलं असतं, तर तिला माहेरी धाडली असती आणि मला तिच्या मागोमाग. माझ्या तोंडून निघून गेलं, फणस. वाटलं, चार दिवसांत विसरतील. सासू मरेपर्यंत म्हणत राहिली, हावरट बाई, कूस फणसापायी घालवली. हिनं एकदाही तोंड उघडलं नाही. आणि पुन्हा चल म्हणण्याचं तोंड मला राहिलं नाही.

तेन्मोळी : मग काय लिहू?

उमैयाळ : लिही. सुयांनी झालं. थोरल्या जावेनं नेलं होतं. हेही लिही.

तेन्मोळी : त्याला नंबर नसतो, अत्तै.

उमैयाळ : नसू दे. उद्या दवाखान्यात सगळं घर जमेल. तेव्हा मोठ्यानं वाचून दाखव. मला वाचता येत नाही, नाहीतर मीच वाचलं असतं.

अलमेलू : (आतून येत) काय वाचायचंय, अक्का? आतपर्यंत आवाज येतोय.

उमैयाळ : तुझा फणस खोडतेय.

अलमेलू : राहू द्या हो. आता सवय झाली.

उमैयाळ : तुला झाली. मला नाही झाली. बस इथं.

तेन्मोळी : पण धाकट्या अत्तै, त्या दिवशी बसस्टँडवर थोडा तरी खाल्ला होतात ना फणस?

अलमेलू : मला त्या सुईनं मळमळत होतं गं. अक्का खात होत्या. मी नुसतं गऱ्यांचं पान धरून उभी होते.