फळ्यांमधल्या पट्ट्या

व्हरमाँटमधल्या आमच्या गावच्या हार्डवेअरच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे म्हातारे बहीण-भाऊ उभे होते.

"डोरीन, कोठारातल्या चेरीच्या लाकडाच्या फळ्यांमधल्या पट्ट्या कुठे गेल्या?"

"शेगडीत जाळल्या. तू इस्पितळात होतास, म्हटलं पसारा आवरावा. फळ्या कशा एकावर एक चापून बसवल्यात, बघितलंस?"

"अगं बाई, ओल्या होत्या त्या! मधून वारा नको खेळायला? सगळ्यांना बुरशी धरली!"

"अरे देवा! नातीचा पाळणा करायचा होता ना त्यांचा?"

"हो."

"ओरडू नकोस, हॉलिस. बुरशी घासू, या नव्या पट्ट्या घालून पुन्हा रचू. तुझी मार्था असती, तर तिनेही आवरलंच असतं."

"मार्थानेच रचल्या होत्या. जायच्या आधल्या आठवड्यात. पट्ट्याही तिनेच कापल्या."

"...त्यांच्याच जाळावर मी तुझं सूप केलं रे."