मेधाचं पहिलं प्रकरण

तुम्ही हसाल, पण मी माझ्या मावसबहिणीवर इतका जळलो की विचारू नका. कादंबरी लिहायची म्हणून मी हरणी भागातल्या माझ्या फ्लॅटमध्ये खास टेबल करून घेतलं. सहा वर्षं झाली, तिसरं प्रकरण काही संपेना. आणि मेधा? डभोईच्या शाळेत शिकवते. रोज जाता-येता बसमध्ये मोबाइलवर लिहून वर्षभरात हिची कादंबरी पुरी!

"दादा, वाचून खरं काय ते सांग हं," म्हणाली.

चुका काढायच्या म्हणूनच वाचायला बसलो, तर जेवायचंही विसरलो. पहिलं प्रकरण तर असं, की ते मला का नाही सुचलं म्हणून जीव नुसता चडफडला. फोन करून अगदी शांतपणे सांगितलं, "बाकी ठीक आहे. पहिलं प्रकरण तेवढं काढून टाक."

"बरं," एवढंच म्हणाली.

चार दिवस मला चैन पडेना. शेवटी पुन्हा फोन केला. "मेधा, ते प्रकरण काढू नकोस. मी जळून बोललो गं."

"ठाऊक आहे ने, दादा," ती हसली. "तू काढ म्हणालास, म्हणून तर प्रकाशकाला नमुना म्हणून तेच पाठवलं."