ठिपक्यांचं गाणं

कानाच्या डॉक्टरांकडे शिवणकामवाल्या काकूंचा नंबर अजून यायचा होता. शेजारच्या खुर्चीतले आजोबा मोबाइलवरच्या गाण्याच्या खेळात वरून पडणारे रंगीत ठिपके बोटांनी अचूक टिपत होते. सोबतच्या आजी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होत्या. काकूंना ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

"अहो, उभा जन्म बँडमध्ये ढोल बडवलात, अजून हौस फिटली नाही?"

"तिथं हात चुकला की मास्तर डोळे वटारायचा. इथं कुणी काही बोलत नाही, पुन्हा खेळू देतात."

"बरं, आवाज तरी कमी करा. सगळे बघताहेत."

"म्हणजे? गाणं वाजतंय?"

"मघापासून!"

"मला वाटलं, बंदच आहे." बोटं मात्र थांबली नाहीत. "कसं आहे गं?"

आजी क्षणभर ऐकत राहिल्या.

"तुम्ही वाजवताय तसंच."